फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नव्हे, वायरसाठी!
गाडीत संगीतयंत्रणा बसवताना शंभर-दोनशे रुपयांच्या या वस्तूकडे दुर्लक्ष नको

उमेळे (वसई), प्रतिनिधी

नायगाव आणि वसई रोड या स्थानकांच्या मध्ये, रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला वसलेल्या उमेळे गावातून सायंकाळी फेरफटका मारला, तर बदललेल्या राहणीच्या अनेक खुणा दिसतात. जुन्या कौलारू घरांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि अंगणात जिथे पूर्वी बैलगाडी सोडलेली असे, तिथे आता मोटार उभी असते. गाडी घरात आली की पाठोपाठ हौसही येते. सीटकव्हर झाले, काळी मॅटिंग झाली, की तिसरी खरेदी बहुधा संगीताचीच असते. डिकीत भलामोठा वूफर, त्याच्या शेजारी अ‍ॅम्प्लिफायर आणि बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत नेलेली एक लांबलचक लाल वायर, असा हा सगळा थाट असतो.

स्पीकर कोणता, अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा, यावर घरातील तरुण मंडळी आठवडाभर खल करतात. लॅमिंग्टन रोडपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत चौकशा होतात. मात्र त्या लाल वायरवर बॅटरीजवळ बसवायचा फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा असावा, याचा निर्णय बहुतेक वेळा कोणीच घेत नाही. वायरिंगच्या तयार पाकिटात जो निघेल तो बसवला जातो. काही वेळा तर ‘अ‍ॅम्प्लिफायरला फ्यूज आहेच की’ असे म्हणून तोही वगळला जातो. गाडीला आग लागण्याचा धोका नेमका येथे निर्माण होतो. म्हणूनच हा छोटासा भाग नेमके काय काम करतो आणि तो कसा निवडावा, हे गाडीमालकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्षण कोणाचे?

घरातील चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार घालताना आपल्यापैकी अनेकांनी वडिलधाऱ्यांना पाहिले असेल. त्यामुळे फ्यूज म्हणजे उपकरण जळू नये म्हणून केलेली सोय, अशी समजूत रूढ झाली आहे. गाडीतील अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर जे फ्यूज असतात, ते अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास पुढील नुकसान रोखण्यासाठी असतात. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज मात्र मधल्या वायरच्या रक्षणासाठी असतो.

यासाठी नळाचे उदाहरण घेता येईल. रस्त्यातील जलवाहिनी फुटली असता घरातील नळ कितीही घट्ट बंद केला, तरी रस्त्यात वाहणारे पाणी थांबत नाही. त्यासाठी जलवाहिनी जिथून सुरू होते तिथली झडप बंद करावी लागते. वायरचेही तसेच आहे. छोट्या गाडीत बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प्लिफायर मागे असल्याने मधली वायर सुमारे पाच मीटर लांबीची होते. इंजिनाच्या शेजारून निघून, इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याच्या भोकातून आत येऊन, दारांच्या उंबऱ्यालगत गालिच्याखालून ती मागे जाते. या प्रवासात कुठेही तिचे प्लॅस्टिकचे आवरण घासले गेले, सीटच्या रुळाखाली ती चेपली गेली किंवा उंदराने कुरतडली, तर आतील तांबे गाडीच्या पत्र्याला टेकते. गाडीचा संपूर्ण पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे क्षणार्धात शॉर्टसर्किट होते. अशा वेळी प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतच नाही. साहजिकच त्याच्या अंगावरील फ्यूजला या अपघाताची वार्ताही लागत नाही.

बारा व्होल्ट म्हणजे खेळण्यातली वीज, असे समजून हा प्रकार सोडून देता येत नाही. बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, हे खरे. परंतु गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी एका दमात शेकडो अ‍ॅम्पिअर देण्याकरिताच घडवलेली असते. ८ गेजच्या वायरने तीन मीटर अंतरावर पत्र्याला स्पर्श केला आणि तिच्यातून ५०० अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहू लागला असे धरले, तर एवढ्याशा वायरमध्ये सुमारे दीड हजार वॅट उष्णता निर्माण होते. हजार वॅटची इस्त्री किती तापते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच्या दीडपट उष्णता गालिच्याखाली, सीटच्या फोमलगत, बाहेर पडायला वाट नसलेल्या जागी कोंडली गेली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. वायरचे आवरण वितळते, धूर निघतो आणि पाहता पाहता गालिचा पेट घेतो.

जागा बॅटरीजवळच

यावरून पहिला नियम आपोआप सिद्ध होतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवावा. हे अंतर वायरच्या लांबीने मोजून ४५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा अधिक नसावे, असा या क्षेत्रातील सर्वमान्य दंडक आहे. फ्यूजच्या अलीकडील वायरला कोणतेही संरक्षण नसते. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितके बरे. फ्यूज कोणत्याही परिस्थितीत पत्र्यातून वायर आत येण्याच्या जागेच्या पलीकडे, केबिनमध्ये बसवू नये. वायर कापली जाण्याची सर्वाधिक शक्यता पत्र्याच्या त्या धारदार भोकापाशीच असते. तेथे रबरी ग्रोमेट हवेच.

ऋण बाजूच्या वायरवर फ्यूज बसवला तर चालेल का, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचा उपयोग नाही. लाल वायर पत्र्याला टेकली की प्रवाह पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो, अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या वायरमधून नव्हे. ती वायर मात्र लाल वायरइतकीच जाड असावी आणि रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवलेली असावी.

अ‍ॅम्पिअरचा हिशेब

आता मुख्य प्रश्न, फ्यूज कितीचा? याचे उत्तर दोन मर्यादांच्या मध्ये सापडते. खालची मर्यादा अ‍ॅम्प्लिफायर ठरवतो, तर वरची मर्यादा वायर ठरवते. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा लहान असेल, तर आवाज वाढवताच तो उडेल. हा त्रास असला तरी त्यात धोका नाही. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा असेल, तर मात्र फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल.

एक उदाहरण घेऊ. एका गाडीत चार स्पीकरसाठी प्रत्येकी ७५ वॅट देणारा जुन्या धर्तीचा, म्हणजे ‘एबी’ वर्गातील अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि वूफरसाठी ४०० वॅटचा ‘डी’ वर्गातील अ‍ॅम्प्लिफायर आहे. हे वॅट ‘आरएमएस’ आहेत, असे धरू. पहिला अ‍ॅम्प्लिफायर एकूण ३०० वॅट ध्वनिशक्ती देतो. परंतु ‘एबी’ वर्गाची कार्यक्षमता ढोबळमानाने ६० टक्के असल्याने त्याला बॅटरीकडून ५०० वॅट घ्यावे लागतात. दुसऱ्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरली, तर ४०० वॅटसाठी त्यालाही ५०० वॅट लागतात. दोन्ही मिळून झाले १००० वॅट. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब सुमारे १३.८ व्होल्ट असतो. १००० ला १३.८ ने भागले की उत्तर येते सुमारे ७२ अ‍ॅम्पिअर. ही झाली खालची मर्यादा.

हा भागाकार करायचा नसेल, तर सोपी पळवाट आहे. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावरील फ्यूजच्या आकड्यांची बेरीज करावी. प्रत्येकी २० अ‍ॅम्पिअरचे दोन-दोन फ्यूज असतील, तर बेरीज ८० होते. वरच्या हिशेबाशी ती जुळते.

आता वायरकडे वळू. शुद्ध तांब्याच्या आणि पाच मीटरच्या आसपास लांबीच्या वायरसाठी साधारणतः पुढील कमाल फ्यूज योग्य मानले जातात : १० गेजला ३० अ‍ॅम्पिअर, ८ गेजला ५० ते ६०, ४ गेजला १०० ते १२५ आणि शून्य गेजला २५०. आपल्या उदाहरणातील गरज ७२ ची असल्याने ८ गेजची वायर बाद ठरते. ४ गेजची वायर घेतली, तर खाली ७२ आणि वर १०० ते १२५ अशी जागा मिळते. त्यात ८० किंवा १०० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज बसतो. संगीत सतत एकाच उंचीवर नसते, ते चढते-उतरते. त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी प्रवाह ७२ च्या बराच खाली राहतो आणि ८० चा फ्यूज आरामात टिकतो. शक्यतो तोच निवडावा.

जाड वायरचा आणखी एक फायदा कानाला जाणवतो. पाच मीटरच्या ४ गेज वायरमध्ये ७२ अ‍ॅम्पिअरला जेमतेम ०.३ व्होल्टची घट होते. ८ गेजमध्ये तीच घट पाऊण व्होल्टच्या घरात जाते आणि ढोलाच्या ठेक्याबरोबर गाडीचे दिवे मंदावू लागतात.

डिकीत पोहोचल्यावर ४ गेजच्या वायरमधून दोन ८ गेजच्या वायर फोडून दोन अ‍ॅम्प्लिफायरना दिल्या जातात. येथे अनेकांची चूक होते. मुख्य फ्यूज ८० किंवा १०० चा असल्याने ६० अ‍ॅम्पिअरची क्षमता असलेल्या या बारीक फांद्यांना तो संरक्षण देऊ शकत नाही. म्हणून जिथे वायर बारीक होते, तिथे नवा फ्यूज हवा. फ्यूजसह मिळणारा वाटप-ठोकळा, ज्याला दुकानात ‘फ्यूज्ड डिस्ट्रिब्युशन ब्लॉक’ म्हणतात, तो यासाठीच असतो. आपल्या उदाहरणात त्यात ४०-४० चे दोन फ्यूज बसतील.

डब्यावरचे वॅट आणि दुकानातील गेज

हा हिशेब करताना अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर ठळक छापलेला आकडा बाजूला ठेवावा. दोन-तीन हजार वॅटचा दावा करणाऱ्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर ३० अ‍ॅम्पिअरचे दोनच फ्यूज असतात. ६० अ‍ॅम्पिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे सव्वाआठशे वॅट एवढाच त्याचा जास्तीत जास्त आहार. आठशे वॅट खाणारे यंत्र सातत्याने तीन हजार वॅट कुठून देणार? शिवाय खरोखरच तीन हजार वॅट लागले असते, तर दोनशेहून अधिक अ‍ॅम्पिअर पुरवावे लागले असते. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच बहुधा शंभराच्या आत असते. डब्यावरील आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. त्यावरून फ्यूज निवडला, तर तो वायरच्या मर्यादेच्या कितीतरी वर जातो.

वायरच्या बाबतीतही सावध राहावे लागते. ‘गेज’ या एकाच शब्दाखाली बाजारात दोन मापे नांदतात. कार ऑडिओच्या पाकिटावर अमेरिकन गेज असते, तर आपल्याकडील जुन्या विक्रेत्यांच्या तोंडी ब्रिटिश पद्धतीचे एसडब्ल्यूजी माप असते. दोहोंतील ८ गेजची जाडी वेगवेगळी आहे. घोटाळा टाळायचा तर लोहार चाळीतील व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘स्क्वेअर एमएम’ विचारावे. अमेरिकन ८ गेज म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर आणि ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर तांबे. स्वस्त पाकिटातील वायर बाहेरून अंगठ्याएवढी दिसते, पण आवरण सोलले की आत निम्म्याहून कमी धातू निघतो.

तो धातू तरी तांबेच आहे का, हेही पाहावे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ‘सीसीए’ वायर सर्रास विकली जाते. तिची विद्युतवाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्केच असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडली असता आतून रुपेरी रंग दिसला आणि वायर हातात घेतल्यावर हलकी लागली, तर ती सीसीए समजावी. मुलाम्याऐवजी कल्हई केलेली तांब्याची तारही बाहेरून पांढरी दिसते. मात्र खरवडल्यावर ती आतून लाल निघते. सीसीए वापरायचीच असेल, तर एक माप जाड घ्यावी आणि वर दिलेल्या कमाल फ्यूजच्या दोन तृतीयांशापेक्षा मोठा फ्यूज तिला लावू नये. म्हणजेच ४ गेजच्या सीसीए वायरला १०० चा फ्यूज बसवणे धोक्याचे आहे.

उडणे हाच त्याचा धर्म

१०० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज १०१ अ‍ॅम्पिअरला लगेच उडत नाही. गाड्यांमध्ये सामान्यतः वापरले जाणारे पात्याचे फ्यूज क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह शंभर तासही सहन करतील, अशा बेताने घडवलेले असतात. १३५ टक्के प्रवाहाला ते काही मिनिटेही तग धरू शकतात, तर दुप्पट प्रवाहाला मात्र पाच सेकंदांच्या आत वितळतात. म्हणून वायरच्या क्षमतेला अगदी टेकलेला फ्यूज न घेता थोडा खालचा घ्यावा.

तीस अ‍ॅम्पिअरपर्यंतच्या पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक आणि ३० चा हिरवा. मोठ्या प्रवाहासाठी दोन प्रकार दिसतात. काचेच्या नळीतला ‘एजीयू’ आणि दोन बोल्टांनी आवळायचा ‘एएनएल’ किंवा त्याचा लहान भाऊ ‘मिनी एएनएल’. काचेची नळी केवळ स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असल्याने गाडीच्या धक्क्यांनी ती सैल होते, सांध्याला तापते आणि कधीकधी फ्यूज न उडताच तिचे कवच वितळते. साठ अ‍ॅम्पिअरच्या वर तरी बोल्टचा प्रकारच घ्यावा. घरातील वितरणपेटीतला एमसीबी काढून गाडीत बसवण्याचा प्रयोग कोणी सुचवला, तर त्यास नकार द्यावा. तो प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनवलेला असतो.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज घालणे किंवा जुन्यावर तांब्याची तार अथवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. उडालेल्या फ्यूजने कुठेतरी बिघाड असल्याची सूचना दिलेली असते. ती सूचना बंद केली म्हणून बिघाड जात नाही. तितक्याच अ‍ॅम्पिअरचा नवा फ्यूज एकदा बसवून पाहावा. तोही उडाला, तर वायर संपूर्ण तपासल्याशिवाय तिसरा बसवू नये.

वसईची हवा आणि पावसाळा

उमेळे आणि परिसरासाठी काही गोष्टी विशेष सांगायला हव्यात. खाडी आणि मिठागरे जवळ असल्याने येथील हवा खारी आणि दमट आहे. तांब्यावर हिरवट थर चढायला येथे वेळ लागत नाही. असा थर फ्यूजच्या सांध्यावर चढला की रोध वाढतो, सांधा तापतो आणि दोष फ्यूजला दिला जातो. म्हणून बॉनेटखालील फ्यूजहोल्डर झाकणाचा व पाणी न शिरणारा असावा, वायरच्या टोकांना थिंबल दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि दर पावसाळ्यानंतर हे सांधे एकदा उघडून साफ करावेत.

दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. वाड्या, शेते आणि गवत यांच्या सान्निध्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे गरम इंजिन पावसाळ्यात त्यांना आयतेच घर मिळवून देते. बॉनेटखालील वायर नालीदार नळीतून नेणे आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणे, एवढे तरी करावे.

तिसरी बाब पुराची. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी गाडीत शिरले असता फ्यूज वायरचे रक्षण करतो, पण डिकीतील अ‍ॅम्प्लिफायरला पाण्यापासून वाचवू शकत नाही. पाणी चढण्याची चिन्हे दिसताच बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे. पाणी ओसरल्यावर अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण सुकवून तपासल्याखेरीज मुख्य फ्यूज पुन्हा बसवू नये.

विम्याचे काय?

मोटार विम्याच्या सर्वंकष पॉलिसीत आगीपासून संरक्षण असते. मात्र कंपनीने न बसवलेली, नंतर घेतलेली विद्युत उपकरणे त्यात आपोआप मोडत नाहीत. त्यांची किंमत जाहीर करून जादा हप्ता भरावा लागतो. दुर्घटनेनंतर पाहणीसाठी आलेल्या सर्वेक्षकाला बॅटरीला थेट जोडलेली, फ्यूज नसलेली जळकी वायर आढळली, तर दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो. कंपनीच्या वायरिंगला काप देऊन काम केले असेल, तर गाडीच्या वॉरंटीवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून बिल जपून ठेवावे आणि त्यावर वायरची जाडी व फ्यूजचा आकडा लिहून घ्यावा.

काम सुरू असताना दुकानात चहा घेत बसण्याऐवजी बॉनेटपाशी उभे राहून पाहणे केव्हाही हिताचे. कारागीर मंडळी बहुधा कष्टाळू आणि हुशार असतात. परंतु गिऱ्हाईक घाईत असते, पाकीट स्वस्तातले असते आणि मग फ्यूज ‘नंतर लावू’ या यादीत जातो. या साऱ्या थाटामाटात हजारो रुपये खर्च होतात. शंभर-दोनशे रुपयांचा फ्यूज योग्य जागी आणि योग्य आकड्याचा बसला, तर त्या गाडीतून प्रवास करणारे कुटुंब निर्धास्तपणे संगीताचा आनंद घेऊ शकेल.

बसवून घेताना हे तपासा

* फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून दीड फुटाच्या आत आहे का?
* फ्यूजचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरवरील फ्यूजच्या बेरजेइतका किंवा थोडा अधिक, पण वायरच्या मर्यादेच्या आत आहे का?
* वायर शुद्ध तांब्याची आहे का? तिचे माप चौरस मिलिमीटरमध्ये विचारले का?
* पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट आहे का?
* वायर जिथे बारीक होते, तिथे वेगळा फ्यूज आहे का?
* काम पूर्ण होईपर्यंत बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवले होते का? मुख्य फ्यूज सर्वांत शेवटी बसवला का?
* त्याच अ‍ॅम्पिअरचे दोन जादा फ्यूज गाडीत ठेवले आहेत का?